टांझानियाच्या गोळ्या सांगलीत सोडल्या त्याची गोष्ट

प्रश्न: कंपनीच्या कामाला ३ आठवडे टांझानियाला जायचंय. मलेरियाच्या गोळ्यांनी भयानक स्वप्नं पडतात म्हणे. घ्यायलाच हव्यात का?

हो. आणि परत आल्यावरही घ्यायच्या. मी लिहायला बसलोय ते या परत आल्यानंतरच्या गोळ्यांसाठी.

टांझानियात म्वान्झा शहरात २ महिने होतो. रोज जेवण झालं की मलेरिया टाळायची गोळी डॉक्सिसायक्लिन, वर ग्लासभर पाणी, लगेच आडवं व्हायचं नाही. (एकदा झालो, तर दोन दिवस घास गिळताना छातीत जाळ.) या गोळीनं उन्हात कातडी भाजायची, तेही सोसलं. एक दिवस चुकवला नाही. सांगलीला आलो, पंगतीत गोळ्यांचं पाकीट काढलं, तर साडू म्हणाले, "अहो, मुंबईत उतरलात ना? आता कसला मलेरिया! आपल्याला डासांची सवय आहे." सगळे हसले. मीही भिडेखातर पाकीट कपाटात टाकलं.

अकराव्या दिवशी हुडहुडी भरली. तीन गोधड्या घेऊन दात वाजत होते. डॉक्टरांनी व्हायरल समजून पॅरासिटामॉल दिलं. मीही टांझानियाचं नाव काढलं नाही, ती चूक माझी. चौथ्या दिवशी रक्तात मलेरियाचा फाल्सिपेरम जंतू सापडला. पुढचे तीन दिवस आयसीयूत.

हा जंतू आधी यकृतात दडतो. डॉक्सिसायक्लिनचा तिथे भरवसा नाही, ती त्याला रक्तात उतरल्यावर मारते. म्हणून परतल्यावर ४ आठवडे. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे दुसरं औषध यकृतातही मारतं, त्याला ७ दिवस पुरतात. महाग आहे, पण पैसे कंपनी भरणार असेल तर तेच मागा. दोन्ही निघण्याच्या १-२ दिवस आधी सुरू होतात. आणि ती 'सवय'? तिकडेच जन्मलेली माणसं काही वर्षं परदेशात राहिली की त्यांचीसुद्धा उतरते, आपली कुठून असणार! साडूंनी स्वस्तातली क्लोरोक्विनही सुचवली होती. आफ्रिकेतला फाल्सिपेरम तिला दाद देत नाही.

स्वप्नांचं म्हणाल तर ती ख्याती मेफ्लोक्विन या आणखी एका गोळीची. नैराश्य किंवा फिट्सचा त्रास असलेल्याने ती घेऊच नये. गरोदर बाई, लहान मूल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा. गोळ्या घेऊनही मलेरिया होऊ शकतो, तेव्हा मच्छरदाणी हवीच. आणि आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य "मी टांझानियाला गेलो होतो" हे.

साडू अजून म्हणतात, टायफॉइडच होता.