वेळेनुसार बदलणारी सूत्रे कोडमध्ये कशी मांडावीत?

तुमच्या ॲनिमेशनच्या प्रोग्रॅममध्ये वापरकर्ता वस्तूची जागा किंवा रंग यांसाठी साधा आकडा, कीफ्रेम (ठरावीक क्षणी नेमून दिलेली मूल्ये) किंवा वेळेवर आधारित सूत्र देतो. हे सगळे कसे साठवावे आणि प्रत्येक फ्रेमला सूत्र नव्याने पार्स करावे (म्हणजे मजकूर वाचून त्याची रचना उलगडावी) का, असे तुम्ही विचारले आहे. सूत्र बदलेल तेव्हाच पार्स करावे, त्यातून तयार झालेला ट्री, म्हणजे सूत्राच्या रचनेचा वृक्ष, जपून ठेवावा आणि फ्रेमगणिक फक्त त्याची किंमत काढावी.

मी आग्रह धरीन तो एकाच गोष्टीचा: आकडा, कीफ्रेम आणि सूत्र या तिन्हींचा इंटरफेस एकच असावा, आणि ठरावीक वेळ दिली की दर वेळी तेच मूल्य मिळावे. कोनल इलियट आणि पॉल हुडाक यांनी १९९७ मध्ये ‘फ्रॅन’ ही ॲनिमेशनची प्रणाली मांडताना बदलत्या राशीकडे वेळेचे फंक्शन म्हणूनच पाहिले होते. हे पथ्य पाळले, तर वापरकर्त्याने टाइमलाइनवर कुठेही उडी मारली किंवा फ्रेम निरनिराळ्या थ्रेडवर उलटसुलट क्रमाने रेंडर झाल्या, तरी चित्र तेच राहते. म्हणून रँडम थरथरसुद्धा सीड (सुरुवातीचा ठरलेला आकडा) आणि फ्रेम क्रमांक यांच्या हॅशमधूनच, म्हणजे त्याच आकड्यांना नेहमी तेच उत्तर देणाऱ्या फंक्शनमधूनच, काढावी.

खरी कसोटी लागते ती वारंवारताच बदलू लागल्यावर. समजा, साइनच्या आत २π गुणिले वारंवारता गुणिले वेळ असे लिहिले आहे आणि ६००व्या सेकंदापासून एका सेकंदात वारंवारता २ वरून ३ वर नेली आहे. वारंवारता आणि वेळ यांचा गुणाकार १२०० वरून थेट १८०३ वर जातो. म्हणजे जिथे अडीच आवर्तने व्हायला हवीत तिथे ६०३ होतात आणि वस्तू बेभान थरथरते. इथे गुणाकार नव्हे, तर वारंवारतेचे वेळेवरचे संकलन (इंटिग्रल) हवे. दोन कीफ्रेममधला बदल सरळ रेषेत असेल तर ते बीजगणिताने नेमके मिळते, आणि प्रत्येक कीफ्रेमपर्यंतची बेरीज आधीच साठवता येते. आलेख गुंतागुंतीचा असेल तर ठरावीक पावलांनी बेरीज करून मधले टप्पे कॅशमध्ये ठेवावेत, आणि आलेख बदलताच त्यापुढचे टप्पे रद्द करावेत.

सूत्रे एकमेकांवर अवलंबून असतील तर त्यांचे चक्र होत नाही ना, हे संपादनाच्या वेळीच तपासावे.

वेळ मात्र फ्लोटमध्ये, म्हणजे मर्यादित अचूकतेच्या दशांश आकड्यात, भर घालत मोजू नये. फ्रेम क्रमांक पूर्णांकात आणि सेकंदाला किती फ्रेम हा दर अपूर्णांकात, उदाहरणार्थ ३०००० भागिले १००१, असा ठेवावा. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १,३१,०७२ सेकंदांनंतर, म्हणजे सुमारे ३६ तासांनी, लगतच्या दोन किमतींतले अंतर १/६४ सेकंद होते. सेकंदाला ६० फ्रेम असतील, तर ते जवळजवळ एका फ्रेमएवढे आहे.