मांजरेच्या काठावरच्या विहिरीत औषधांचे अंश असतील का? असले तर गरोदर बाईला धोका किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव बिलोली तालुक्यात, नळयोजनेची विहीर मांजरेच्या काठावर. हैदराबादजवळच्या औषध कारखान्यांचं सांडपाणी याच नदीला मिळत होतं, असं तुम्ही वाचलं. पत्नीला सातवा महिना आहे, आई मधुमेहाच्या गोळीवर आहे. पाण्यावाटे औषध पोटात जाऊन बाळाला काही होईल का, आणि त्यासाठी आरओ बसवावा का?

मी नांदेडला फार्मसीच्या मुलांना शिकवते. औषधाची मात्रा मोजणं हेच आमचं रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहिते. आधी उत्तर: तुम्ही सांगता त्या परिस्थितीत औषधांच्या अंशांमुळे बाळाला अपाय होण्याची शक्यता फारच कमी आहे. केवळ या भीतीपोटी आरओ घेऊ नका. पण विहिरीचं पाणी या महिन्यात तपासून घ्या. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

तुम्ही वाचलेली गोष्ट खरी आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरू भागातल्या साधारण ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी जिथे एकत्र शुद्ध केलं जायचं, तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. हा अभ्यास २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांनी प्रसिद्ध केला. ते पाणी ओढ्यांवाटे नक्कावागू नदीत आणि तिथून मांजरेत जायचं. २००९ च्या पुढच्या अभ्यासात तिथल्या तलावांत आणि गावच्या विहिरींतही औषधं मिळाली. पुढे ते सांडपाणी पाइपने हैदराबादच्या अंबरपेठ केंद्राकडे वळवण्यात आलं. तुमच्या शिवारात मांजरा येते ती मधल्या निजामसागर धरणात थांबून. तेवढ्या वाटेत पाणी मिसळतं, ऊन काही औषधं मोडतं, सिप्रोसारखी औषधं गाळाला चिकटून तळाशी बसतात. त्यामुळे पटनचेरूचे आकडे जसेच्या तसे तुमच्या विहिरीला लावता येत नाहीत.

पण कारखाना हा एकच मार्ग नाही, आणि आपल्याकडे तो मुख्यही नाही. माणूस गोळी घेतो, तिचा काही भाग शरीरात न बदलता लघवीतून बाहेर पडतो. तुमच्या आईची मेटफॉर्मिन तर जवळजवळ सगळीच तशीच बाहेर पडते. संडासाचा शोषखड्डा, उघडी नाली, शहराचा नाला, असं करत ती नदीपर्यंत जाते. म्हशीला कासदाह झाला की दिलेलं अँटिबायोटिक शेणामुतातून वावरात उतरतं. २०२२ मध्ये १०४ देशांतल्या २५८ नद्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक ठिकाणी सापडलेली नावं होती कार्बामाझेपीन, मेटफॉर्मिन आणि कॅफिन. म्हणजे फिटची गोळी, साखरेची गोळी आणि चहा-कॉफी. जिथे माणसं औषध घेतात तिथे नदीत ते असतंच. सापडलं की नाही, यापेक्षा किती सापडलं हे विचारायला हवं.

आता ते ‘किती’ काढू. बातम्यांत नॅनोग्रॅम वाचून माणूस दचकतो. लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे दहा हजार लिटरच्या एक लाख टँकरमध्ये मिळून एक ग्रॅम औषध. हजार नॅनोग्रॅमचा एक मायक्रोग्रॅम, हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम. आजची यंत्रं इतकं बारीक पकडतात की ‘सापडलं’ हा शब्द धोक्याबद्दल काहीच सांगत नाही.

धोका मोजायची रीत अशी. औषधाची माणसावर परिणाम करणारी सर्वात कमी रोजची मात्रा घ्यायची आणि तिला हजाराने भागायचं. हजारच का? माणसामाणसांत फरक असतो त्यासाठी दहा. गर्भ, तान्हं बाळ, म्हातारी माणसं यांच्यासाठी दहा. आणि ‘सर्वात कमी परिणाम’ इथून ‘काहीच परिणाम नाही’ इथवर खाली यायचं म्हणून आणखी दहा. ऑस्ट्रेलियाच्या पुनर्वापराच्या पाण्याच्या नियमांत जवळपास हीच पद्धत आहे. मेटफॉर्मिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्या. हजाराने भागली की ५०० मायक्रोग्रॅम उरतात. दिवसाला दोन लिटर पाणी धरलं तर लिटरला २५० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल. आता पाण्यात मुद्दाम जास्त धरून लिटरला एक मायक्रोग्रॅम मेटफॉर्मिन आहे असं माना. मर्यादेचा तो अडीचशेवा भाग झाला. एवढं पाणी रोज पिऊन एका गोळीइतकं औषध पोटात जायला सहाशे वर्षांहून जास्त लागतील.

इथे थांबू नका, कारण हे ‘दोन लिटर’ आपल्याकडचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटना हिशोबाला ६० किलोचा माणूस आणि दिवसाला दोन लिटर पाणी धरते. मे महिन्यात वावरात जाणारी ४५ किलोची बाई सकाळी घागर भरून नेते, दुपारी ती रिकामी होते, आणि घरी आल्यावर तांब्याने पुन्हा पाणी पिते. तिचे पाच लिटर सहज होतात. किलोमागे तिच्या पोटात जाणारं पाणी त्या हिशोबाच्या सव्वातीनपटीहून जास्त आहे. वरच्या दुधावर वाढणाऱ्या पाच किलोच्या बाळाला दिवसाला पाऊण लिटर पाणी धरतात, ते तर साडेचारपट होतं. मराठवाड्यासाठी कुणी धोक्याचा हिशोब मांडत असेल तर त्याने आधी हा आकडा बदलावा, असं माझं ठाम मत आहे. तरीही मेटफॉर्मिनची मर्यादा त्या बाईसाठी २५० वरून ७५ वर येते आणि पाण्यात आहे एक. पुष्कळ अंतर शिल्लक राहतं.

एकावेळी दहा औषधं असतील तर? प्रत्येक औषधाचं पाण्यातलं प्रमाण त्याच्या मर्यादेने भागायचं आणि आलेल्या अपूर्णांकांची बेरीज करायची. बेरीज एकाच्या बरीच खाली असेल तर काळजी नाही. एकाच्या जवळ आली की खोलात जायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या अहवालाचा निष्कर्षही याच अंगाने जातो: पिण्याच्या पाण्यातून मिळणारी औषधाची मात्रा उपचाराच्या सर्वात कमी मात्रेपेक्षा सहसा हजारपटीहून कमी असते, त्यामुळे माणसाच्या आरोग्यावर लक्षात येण्याजोगा परिणाम होणं फारसं संभवत नाही.

मग मी सरसकट ‘घाबरू नका’ का म्हणत नाही? कारण हाच भागाकार दोन ठिकाणी वेगळं उत्तर देतो.

एक म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्याशेजारच्या विहिरी. पटनचेरूच्या काही विहिरींत सेटिरिझीन लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं. सर्दीची ही गोळी १० मिलिग्रॅमची. हजाराने भागा, दोन लिटरवर वाटा, मर्यादा येते पाच मायक्रोग्रॅम. म्हणजे एकट्या सेटिरिझीननेच पाचवा हिस्सा व्यापला, आणि विहिरीत इतरही औषधं होती. पाच लिटर पिणाऱ्या बाईसाठी तर मर्यादा दीडच्या आसपास येते. अशा ठिकाणी ‘काही होत नाही’ म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. कुणाची विहीर औषध कारखान्याच्या नाल्याला लागून असेल तर त्या पाण्याचा पिण्यासाठी वापर बंद करून लेखी तक्रार करावी. तुमचं गाव त्यात बसत नाही.

दुसरं म्हणजे हार्मोन. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एन या गर्भनिरोधक गोळीत एथिनिल एस्ट्रॅडिऑल हे हार्मोन फक्त ३० मायक्रोग्रॅम असतं. हार्मोनला हजाराऐवजी दहा हजाराने भागतात. मर्यादा येते लिटरला दीड नॅनोग्रॅम. मेटफॉर्मिनच्या अडीचशे मायक्रोग्रॅमशेजारी हा आकडा ठेवून पाहा. कॅनडातल्या एका प्रयोगाच्या तलावात हेच द्रव्य लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम राखलं, तर काही वर्षांत तिथली एक लहान जातीची मासळी जवळपास संपली. ती माणसं नव्हती आणि माशांचं शरीर चोवीस तास पाण्यातच असतं, हे खरं. नद्यांत हे द्रव्य सहसा एका नॅनोग्रॅमच्या आतच असतं. तरी गरोदर बाईच्या दृष्टीने पाण्यातल्या कुठल्या औषधावर लक्ष ठेवावं असं कुणी विचारलं, तर मी मेटफॉर्मिनआधी याचं नाव घेईन.

आता ज्याची मला खरोखर चिंता वाटते ते सांगते. सिप्रोफ्लॉक्सासिनची २५० मिलिग्रॅमची मात्रा वरच्याच रीतीने भागली तर माणसासाठी लिटरला १२५ मायक्रोग्रॅम येतात. पण पाण्यातल्या जंतूंना औषधाची सवय लागू नये म्हणून शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये सुचवलेली मर्यादा आहे लिटरला ६४ नॅनोग्रॅम. म्हणजे जवळपास दोन हजारपट खाली. जे पाणी पिऊन तुमच्या शरीराला काहीच कळणार नाही, त्याच पाण्यात जंतू औषधाला दाद न देण्याचं शिकत असतात. उन्हाळ्यात आपल्या नद्यांत वाहतं पाणी नसतं, बंधाऱ्यात जे साचतं त्यात नाल्याचाच वाटा मोठा. पातळ व्हायला पाणीच नाही. तिथे मलमूत्रातले जंतू आणि अँटिबायोटिकचे अंश महिनोन्‌महिने एकत्र राहतात. २०११ मध्ये दिल्लीत नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ हा जनुक सापडला. तो असलेल्या जंतूंवर दवाखान्यातली सर्वात ताकदीची अँटिबायोटिक्ससुद्धा चालत नाहीत. बाळंतिणीला ताप आला आणि सलाइनमधून दिलेलं औषध लागू पडलं नाही, तर त्याचं मूळ असं कुठल्यातरी पाण्यात असू शकतं. औषधांच्या अंशांचा माणसाला पोचणारा मोठा धोका हा आहे, आणि तो मात्रेच्या हिशोबात दिसत नाही.

नियमांची स्थिती मात्र दुबळी आहे. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, कीटकनाशकांच्या मर्यादा आहेत, औषधांच्या नाहीत. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती चालेल याच्या मर्यादा केंद्राच्या जानेवारी २०२० च्या मसुद्यात होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या. याचा मला राग आहे. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच विषयावर मार्गदर्शिका काढली आहे, त्यामुळे मर्यादा कशी ठरवायची हे माहीत नाही असं आता कुणाला म्हणता येणार नाही.

तुमच्या घराकडे येते. औषधाच्या अंशांची तपासणी जिल्ह्याच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत होत नाही, त्याला लागणारं यंत्र महाग आहे. त्यामागे धावू नका. फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू ही तपासणी मात्र करून घ्या. नांदेड जिल्ह्यात किनवट-हिमायतनगर भागात फ्लोराइडने दात आणि हाडं खराब झालेली माणसं आहेत. फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. विहिरीत तीन निघालं तर तुम्ही मर्यादेच्या दुप्पट पीत आहात, आणि मेटफॉर्मिन होतं अडीचशेवा भाग. भीती कुठे खर्च करायची ते या दोन आकड्यांवरून ठरवा. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. खत आणि शोषखड्डे यांमुळे ते उथळ विहिरीत वाढतं, आणि बाळाला वरचं दूध पाण्यात कालवून द्यायची वेळ आली तर ते बाळाच्या रक्ताची प्राणवायू नेण्याची ताकद कमी करतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यामुळे वाढतं.

जंतूंसाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सोबत घ्या आणि नळाच्या सर्वात शेवटच्या घरी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी, करा. विहिरीजवळ नको, तिथे पाणी पिवळं होणारच. शेवटच्या घरातल्या नळीत थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, क्लोरीन ०.२ मिलिग्रॅमच्या खाली नाही असं दिसलं, तर जंतू औषधाला दाद देणारे असोत की नसोत, बहुतेक मरतात. रंग आलाच नाही तर टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) पिशवी किती जुनी आहे ते विचारा. उघड्या पिशवीतला क्लोरीन दमट हवेत उडून जातो आणि उरते ती पांढरी भुकटी. रंग येईपर्यंत पत्नीला पाणी उकळून द्या.

आरओबद्दल: तो बहुतेक औषधं अडवतो, हे खरं. पण घरगुती यंत्र एका घागरीमागे दोन-तीन घागरी वाया घालवतं, आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे ते परवडत नाही. फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं आणि दुसरा स्रोत नसेल तर जरूर घ्या.

आईंची गोळी या काळजीने बंद करू नका. मुदत संपलेल्या गोळ्या संडासात किंवा विहिरीकाठी टाकू नका. जुलाबाला, सर्दीला दुकानातून मागून अँटिबायोटिक आणणं घरात बंद करा. नदीत जाणाऱ्यातला तेवढा वाटा आपल्या हातात आहे.

पाण्याचा रिपोर्ट आला की फ्लोराइड आणि नायट्रेटचे आकडे, घरच्यांची वजनं आणि उन्हाळ्यात रोज किती पाणी पिता ते इथे लिहा. मी भागाकार करून सांगते.