वाचकांचे प्रश्न : नवी विंग, पहिलं उड्डाण

प्रश्न : कामशेतला कोर्स केला, आता नवा पॅराग्लायडर घेतलाय. गावाजवळच्या टेकडीवरून उडण्याआधी काय तपासू? – एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : आधी स्वतःचं वजन करा, तेही विंग (पॅराग्लायडरचा कापडी पंख), हार्नेस (पट्ट्यांची बैठक), हेल्मेट, पाण्याची बाटली असं सगळं धरून. विंगवर छापलेल्या मर्यादेत ते बसलं पाहिजे. मग सपाट मैदानात विंग फुगवून पाहा. पऱ्हाटीच्या वावरात मात्र नको. खुंटांत लाइन, म्हणजे विंगच्या बारीक दोऱ्या, अडकते, सोलते. विंग डोक्यावर स्थिर असताना ब्रेक (विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या हातातल्या दोऱ्या) पूर्ण सोडा. मागची कड तरीही ओढलेली दिसली तर ब्रेकची दोरी आखूड आहे. अशी विंग नीट वर येत नाही, स्टॉलही लवकर होते, म्हणजे उचल संपून एकदम खाली येते. गाठ स्वतः बदलू नका, प्रशिक्षकाला दाखवा. रिझर्व्ह (आणीबाणीचं पॅराशूट) हार्नेसमध्ये नव्यानं बसवलं असेल तर उडण्याआधीच हार्नेस टांगून, त्यात लटकून त्याचं हँडल ओढून पाहाच. हे बहुतेक जण टाळतात.

टेकडीवर क्रम ठरलेला ठेवा : हेल्मेट, पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, कॅराबिनर (हार्नेस विंगला जोडणाऱ्या कड्या) बंद, लाइन मोकळ्या, वारा समोरून, आकाश रिकामं. पायाचे पट्टे विसरणं सर्वांत घातक. माणूस हार्नेसमधून खाली घसरतो. वारा ताशी १५ किलोमीटरच्या आत हवा. विंग वर आली की ब्रेकनं थांबवा, वर बघा. गाठ किंवा दुमड दिसली तर तिथंच पाडा. पळताना उडी मारून बसू नका, पाय जमिनीवरून सुटेपर्यंत पळत राहा.

एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे वावटळी उठतात. तेव्हा विंग पिशवीतच बरी; सकाळी लवकर उडा. आणि उतरायच्या वावराच्या मालकाला आधी विचारा, विजेच्या तारा पायी फिरून बघा.