लाल भिंतीचा निर्णय

प्रश्न : बैठकीच्या खोलीतील एक भिंत गडद लाल रंगवावी, अशी माझी इच्छा आहे, मात्र हा रंग रागाचा आणि धोक्याचा असल्याने तो घरात नको, असे घरच्यांचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : घरच्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. रक्त आणि अग्नी या दोहोंशी नाते असल्यामुळे क्रोध आणि प्रेम, संकट आणि मांगल्य असे परस्परविरुद्ध अर्थ लाल रंगाला फार पूर्वीपासून चिकटले आहेत. थांबण्याचा सिग्नल लाल असतो, तसाच चीनमधील नववधूचा पारंपरिक पोशाखही. मला अर्थापेक्षा उजेडाची काळजी अधिक वाटते. अंधूक प्रकाशात आपल्या डोळ्यांना निळ्या-हिरव्या छटांच्या तुलनेत लाल रंग लवकर काळपट दिसू लागतो (एकोणिसाव्या शतकात चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे नोंदवले होते), त्यामुळे दुपारी टवटवीत वाटणारी भिंत दिवेलागणीला जड भासू शकते. म्हणून आधी मोठा पुठ्ठा रंगवून तो भिंतीला टेकवावा आणि दिवसाउजेडी, तसेच रात्री 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली नीट पाहावा. छटा पसंत पडल्यास भिंतीला करड्या रंगाचा प्रायमर द्यावा. गडद लाल रंग त्यावर कमी हातांत एकसारखा बसतो.