आधी युनिट बघा, पैसे नंतर

मागच्या वेळी लाईट बिलावर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून ज्यात बऱ्याच जणांचं दुखणं आलंय अशीच निवडली आहेत. मी बिलिंगच्या टेबलामागे बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे चिडलेला माणूस खिडकीशी काय बोलतो ते मला पाठ आहे, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा तो बरोबरच असतो.

काका, घरात एकही नवीन वस्तू आली नाही, माणसं तेवढीच, तरी ह्या वेळचं बिल दुपटीच्या वर गेलंय. चौकशीला गेलो तर म्हणाले मीटर बरोबर आहे, भरून टाका. भरू का?

थांबा जरा. आधी सांगा, बिलावर तुम्ही पहिल्यांदा काय बघितलंत? खालचा मोठा आकडा ना? सगळे तेच बघतात. तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचे युनिट, मग दिवस, मग रीडिंग कसं घेतलंय ते, आणि मग रेट.

दिवस म्हणजे बिल किती दिवसांचं आहे. एक बिल २८ दिवसांचं आणि पुढचं ३५ दिवसांचं असेल तर काहीही न करता वापर पाव पटीने वाढलेला दिसतो. म्हणून महिन्याची तुलना महिन्याशी करूच नका, युनिटला दिवसांनी भागा आणि रोजचे किती पडले ते बघा. तेवढ्यातच बऱ्याच जणांचा राग उतरतो.

तुमच्या बाबतीत मात्र मला वेगळाच संशय आहे. मागची तीन-चार बिलं काढा आणि रीडिंगच्या रकान्याजवळ ‘सरासरी’ किंवा ‘अंदाजे’ असं काही छापलंय का बघा. कुणी आलंच नाही, दार बंद होतं, डिस्प्ले दिसला नाही, काहीही कारणाने खरं रीडिंग मिळालं नाही की अंदाजाने बिल काढतात. समजा तीन महिने १५० युनिटचं बिल आलं पण खरा वापर २१० होता, म्हणजे दर महिन्याला ६० युनिट मागे राहिले, तीन महिन्यांचे झाले १८०. चौथ्या महिन्यात खरं रीडिंग आलं की हे १८० आणि त्या महिन्याचे २१० मिळून ३९० युनिट एकदम अंगावर येतात. इथपर्यंत चोरी काही नाही, वापर तुमचाच आहे.

पण खरी गोम पुढे आहे, आणि इथे भांडायचं. समजा महाग रेट ३०० युनिटच्या पुढे सुरू होतो. महिन्याला २१० वापरणारा माणूस त्या रेटला कधीच पोचला नसता, पण ३९० एकाच महिन्यात मोजले तर वरचे ९० युनिट महागात गेले. म्हणून लेखी अर्ज द्या की हे युनिट चारही महिन्यांत वाटून स्लॅब, म्हणजे युनिटच्या टप्प्यांप्रमाणे बदलणारा रेट, लावा. सोबत मीटरचा फोटो, जुन्या बिलांच्या झेरॉक्स. तोंडी बोलू नका, तोंडी तक्रारीला पोच मिळत नाही. भरायचं म्हणाल तर वाद मिटेपर्यंत नेहमीएवढी रक्कम भरून घेतात का ते त्याच अर्जात विचारा, उगाच कनेक्शन तोडायची वेळ नको.

आमच्या ह्यांना स्लॅबची इतकी धास्ती की महिनाअखेरीला फ्रिजसुद्धा बंद करतात. एक युनिट जास्त झालं तर सगळंच बिल महाग होतं म्हणे. खरं का?

ताई, फ्रिज चालू करा आधी, आतलं खराब होईल ते वेगळंच.

बहुतेक ठिकाणी स्लॅब पायऱ्यांसारखा असतो. पहिले १०० युनिट एका रेटने, त्यापुढचे दुसऱ्या रेटने. १०१ झाले तर वरच्या रेटने फक्त ते शेवटचं एक युनिट मोजतात, खालच्या १०० ला कुणी हात लावत नाही. पण काही टॅरिफ, म्हणजे दरपत्रकं, असेही असतात की मर्यादा ओलांडली की अख्ख्या वापराला वरचा रेट लागतो, किंवा मिळत असलेली सवलतच जाते, आणि तिथे तुमच्या ह्यांची भीती खरी आहे. तुमचं कुठलं ते बिलाच्या मागेच कळतं: युनिट दोन-तीन ओळींत तोडून प्रत्येक ओळीला वेगळा रेट लावलाय का? असेल तर पायऱ्या. एकच ओळ, एकच रेट असेल तर टॅरिफचा तक्ता मागून घ्या.

आणि बचतच करायची तर फ्रिज सोडा, गीझर धरा. पाणी तापवणं हे घरातलं सगळ्यात भारी काम आहे. २० लिटर पाणी २० अंशांनी गरम करायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो, कितीही भारी कंपनीचा गीझर घ्या, पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच. त्याच अर्ध्या युनिटवर १० वॅटचा एलईडी दिवा ५० तास चालतो. आपण पोरांना दिवा बंद करा म्हणून ओरडतो आणि स्वतः गीझर चालू ठेवून फोनवर बोलत बसतो!

घर आठ दिवस बंद होतं तरी मीटर फिरलं. मीटर फास्ट आहे हे कसं ओळखायचं?

असू शकतं, पण फास्ट मीटर मी फार कमी पाहिले. बंद घरात सहसा फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स चालू राहिलेले असतात. सेट-टॉप बॉक्सचं तर रिमोटवरून बटण दाबलं की बऱ्याचदा नुसता दिवा लाल होतो, बाकी आत सगळं जागंच असतं. एक वॅट वर्षभर अखंड चालू राहिला तर पावणेनऊ युनिट होतात, आता असे किती वॅट आपल्या घरात चोवीस तास पडून असतात ते मोजा.

तरी मीटर तपासायचाच असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या तोंडावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, आणि जवळच छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२०० इम्पल्स दर किलोवॅट-अवरला. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आता घरातलं सगळं बंद करा, प्लगसुद्धा काढा, आणि मीटरसमोर उभं राहा. दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर घराचा मेन स्विच पाडा. मेन पाडल्यावर थांबला तर वीज घरातच कुठेतरी जातेय, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मेन पाडूनही लुकलुकतोय? मग तुमच्या मेनच्या आधी कुणीतरी वायर जोडली आहे नाहीतर मीटरमध्ये दोष आहे, आणि तेव्हा मीटर टेस्टिंगची फी भरायला हरकत नाही.

पुढची गंमत अशी की ह्याच दिव्यावरून कुठल्याही वस्तूचे वॅट काढता येतात. बाकी सगळं बंद ठेवून फक्त ती वस्तू लावा, दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोबाईलवर मोजा. ३६ लाखाला आधी ३२०० ने भागा आणि मग त्या सेकंदांनी, झाले वॅट. १० सेकंदांनी लुकलुकला तर साधारण ११२ वॅट. मी घरी करून बघितलं, एकटा १० वॅटचा दिवा लावला तर पुढच्या लुकलुकीची वाट बघत जवळजवळ दोन मिनिटं ताटकळावं लागतं, आणि २००० वॅटचा गीझर लावला की दिवा सेकंदाला जवळपास दोनदा, वेड लागल्यासारखा लुकलुकतो. हे एकदा घरातल्यांना मीटरसमोर उभं करून दाखवा, मग ओरडावं लागत नाही.

एडिसनच्या काळात १८८० च्या दशकात मीटर म्हणजे बरणीतल्या जस्ताच्या पट्ट्या असायच्या, माणूस येऊन त्या घेऊन जायचा आणि विजेमुळे त्यांचं वजन किती बदललं ते बघून बिल काढायचा. गिऱ्हाईकाला स्वतः बघून काही कळायचा मार्गच नव्हता. आपल्याला निदान दिवा तरी आहे.

मी एकटा राहतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. वापर शून्य असला तरी स्थिर आकार लावतात. ही लूट नाही का?

लूट म्हणणार नाही, पण चीड समजते. तुमच्यासाठी तार, ट्रान्सफॉर्मर, मीटर हे सगळं तुम्ही नसतानाही उभंच असतं, आणि तुम्ही बटण दाबाल त्या क्षणी वीज हजर लागते. हा मुद्दा इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन ह्या इंजिनियरने १८९२ सालीच मांडला होता, की वीज पुरवायच्या खर्चाचे दोन भाग आहेत, एक तयार राहण्याचा आणि एक प्रत्यक्ष पुरवण्याचा, म्हणून बिलाचेही दोन भाग हवेत. मला तत्त्व पटतं. फक्त तो आकार इतका मोठा नको की थोडकं वापरणारा माणूस जास्त वापरणाऱ्याचा खर्च उचलत बसेल. तुमच्या हातात एक गोष्ट आहे: तुमच्या टॅरिफमध्ये स्थिर आकार मंजूर भारावर, म्हणजे तुमच्या कनेक्शनला एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट मंजूर आहेत त्यावर, ठरत असेल आणि तुमचा भार विनाकारण मोठा लिहिलेला असेल तर तो कमी करायचा अर्ज द्या.

गॅसच्या मीटरवर आकडा छोटा आणि बिलावर युनिट दहापट. फसवणूक?

नाही हो. गॅस मीटर मोजतो घनमीटर आणि तुमचं बिल निघतं ऊर्जेवर, म्हणजे किलोवॅट-अवरवर. एका घनमीटर नैसर्गिक गॅसमधून साधारण १० ते ११ युनिट ऊर्जा मिळते. बिलावर उष्मांक, म्हणजे एका घनमीटरमागची ऊर्जा, किलोवॅट-अवरमध्ये छापलेला असेल तर त्याने गुणून बघा. फक्त तुमचा मीटर घनमीटरचा की घनफुटाचा तेवढं नक्की करा, तिथे चूक झाली तर मात्र मोठी होते.

आम्ही दर महिन्याला ठरलेला समान हप्ता भरतो. एकही चुकवला नाही तरी वर्षाअखेरीला बाकी निघाली आणि हप्ताही वाढवला. मग हप्त्याचा फायदा काय?

फायदा एवढाच की जड महिन्यात धक्का बसत नाही. हप्ता म्हणजे बिल नव्हे, हप्ता म्हणजे अंदाज. वर्षाला २४०० युनिट लागतील असं धरलं की महिन्याचे २०० होतात, हलक्या महिन्यात तुमचे पैसे जमा राहतात आणि जड महिन्यात ते वापरले जातात. तुम्ही जड मोसमातच सुरुवात केली असेल तर पहिल्यापासून खात्यावर उधारी दिसणारच, ती पुढे फिटते. पण वर्ष पूर्ण होऊनही बाकी राहिली तर एकतर रेट वाढला किंवा अंदाज चुकला, आणि नवीन घरात हा अंदाज कधीकधी आधीच्या बिऱ्हाडाच्या वापरावरून काढलेला असतो! तुम्ही दोघं, ते सात जण किंवा उलटं.

तेव्हा वर्षभराचे खरे युनिट त्यांच्याकडून मागा, आताच्या रेटने गुणा, वर्षभराचा स्थिर आकार मिळवा, बाराने भागा. तुमचा आकडा त्यांच्या नवीन हप्त्यापेक्षा बराच कमी आला तर हिशोबाचा कागद जोडून हप्ता कमी करायला सांगा, आणि जुनी बाकी एकदम न घेता बारा महिन्यांत वाटून मागा. खात्यावर उलट जमा दिसत असेल तर तीही मागता येते, ते पैसे तुमचेच आहेत. आणि घर बदलणार असाल तर शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, नंबर आणि रीडिंग दोन्ही दिसेल असा, किल्ली द्यायच्या आधी.