ऐतिहासिक नाणी पाहण्यासाठी जगातली कोणती संग्रहालयं सर्वांत चांगली?

माझं पहिलं मत लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला. इथल्या ६८ क्रमांकाच्या दालनात लिडियाची, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली, सोनं-चांदीच्या नैसर्गिक मिश्रधातूची नाणी आहेत. वालाच्या दाण्याएवढा ओबडधोबड गोळा, एका बाजूला सिंहाचं तोंड, दुसरीकडे नुसते ठशाचे खड्डे. जगातल्या सर्वांत जुन्या नाण्यांत यांची गणना होते, पण काचेवर नाक टेकवल्याशिवाय धड दिसत नाहीत!

संख्येत वॉशिंग्टनचं स्मिथसोनियन भारी; नोटा वगैरे धरून १६ लाखांच्या आसपास वस्तू. बर्लिनच्या बोडे म्युझियममध्ये पाच लाखांहून जास्त आहेत, पण चर्चा होते ती २०१७ मध्ये चोरांनी रातोरात लांबवलेल्या १०० किलोच्या सोन्याच्या नाण्याची. ते कॅनडाचं आणि अगदी अलीकडचं होतं, त्यामुळे इतिहासाचं फारसं नुकसान झालं नाही.

एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय गाठा. आणि नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या साठ्याबद्दल जरूर वाचा: १९०६ मध्ये सापडलेली शक राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी. त्यातल्या बहुतेकांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला, आणि काहींवर खालचा नहपानाचा चेहरा अजून डोकावतो.