फळमाशी ओळखायची तर फोटो कसा काढावा

प्रश्न: गोराईच्या वाडीत दुधी आणि पेरू दोन्ही किडतायत. दोन्हीकडे मिथाइल युजेनॉलचे (नर माश्यांना ओढणारं आमिष) सापळे लावले; पेरूकडे माश्या मिळाल्या, दुधीच्या मांडवात एकही नाही. सापळ्यातली माशी आणि दुधीतली अळी, दोन्हींचे फोटो पाठवलेत. माशी एकच का?

उत्तर: अळीच्या फोटोवरून जात सांगता येत नाही. माशीचा फोटो सापळ्याच्या प्लास्टिकमधून काढलाय, त्यात पंखाची कड दिसत नाही, आणि ओळख बरीचशी तिथेच असते.

आंबा-पेरूवरच्या डॉर्सालिस जातीच्या माशीची पाठ काळपट, दोन्ही बाजूंना एकेक पिवळा पट्टा, पंखाच्या पुढच्या कडेने टोकापर्यंत सलग बारीक काळी रेघ. ही रेघ तुटून टोकाला नुसता ठिपका उरला असेल तर पाठ पाहा: तांबूस असली तर झोनाटा जात, काळी असली तर करेक्टा. तिघींचे नर मिथाइल युजेनॉललाच येतात, म्हणून सापळ्यापुरता हा फरक नाही कळला तरी चालेल.

वेलभाज्यांच्या माशीचं तसं नाही. तिच्या तांबूस पाठीवर मधोमध तिसरा पिवळा पट्टा असतो, पंखावर आडवा धुरकट डागही. तिच्या नराला क्यू-ल्यूर हे वेगळं आमिष लागतं. मांडवातला सापळा रिकामा राहिला तो बहुधा यामुळेच. माशी नाही असं समजू नका.

माशी डबीत घालून 15-20 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. सुस्त झाली की पांढऱ्या कागदावर, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, टाचणीने पंख पसरा. सावलीतल्या उजेडात पाठ, चेहरा आणि बाजू असे तीन फोटो काढा. फ्लॅश नको, पंख चकाकतो. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक खुणा पुसल्या जातात.

दुधीतली माशी हवी असेल तर किडलेलं फळ बरणीत, दोन इंच रेतीच्या वर जाळीवर ठेवा आणि तोंडाला मलमल बांधा. फळ थेट रेतीवर ठेवलंत तर पाणी सुटून चिखल होतो आणि कोष कुजतात. पावसाळ्यात हे हमखास. अळ्या रेतीत उतरल्या की साधारण 8-10 दिवसांत माश्या निघतात. लगेच फोटो घेऊ नका, कोवळी माशी फिकट असते, पट्टे उमटलेले नसतात. साखरपाण्याचा बोळा ठेवून दोन-तीन दिवस थांबा.

तोवर मांडवात क्यू-ल्यूर टांगा, पेरूकडचा सापळा आहे तसाच राहू द्या. गळलेली फळं रोज वेचून दोन फूट खोल पुरा.